४.३च्या पुढे ४.५

आकडे हातानं टाईप करणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो. भोरला माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे, वीसेक वर्षं झाली. किकवी, कामथडी, वरव्याकडून कॉलेजची मुलं गाडीवरून येतात, दोनशे पानांचा प्रोजेक्ट पेनड्राइव्हमध्ये घेऊन, आणि प्रत्येक शीर्षकापुढं १.१, १.२, १.२.१ असं स्वतःच बडवलेलं असतं. मध्ये एक मुद्दा घुसवला की खालचे सगळे आकडे बोंबलले. मग तोंड एवढंसं करून म्हणतात, काका, तेवढं नंबरिंग बघा ना, उद्या द्यायचंय. अरे बाबांनो, मशिनला नुसतं सांगायचं असतं की हे मोठं शीर्षक, हे त्याच्या पोटातलं, हे त्याच्याही पोटातलं. आकडा ते देतं. मधलं काही उडवलं, नवीन काही घातलं, तरी ते पहिल्यापासून मोजून सगळ्यांना परत आकडे वाटतं आणि अनुक्रमणिकाही त्याबरहुकूम करून देतं. हे सांगून सांगून माझ्या जिभेला घट्टे पडले.

मराठीत तर आणखी ताप. प्रत्येक पातळीला देवनागरी आकडा निवडून द्यावा लागतो, नाहीतर पहिला आकडा इंग्रजी आणि टिंबाच्या पुढचा मराठी, असलं धेडगुजरी काहीतरी कागदावर येतं. व्हॉट्सॲपवरून उचलून चिकटवलेला मजकूर स्वतःचे आकडे घेऊन येतो आणि मध्येच पुन्हा एकपासून सुरू होतो. हे सगळं सरळ करायला डोकं थंड लागतं. माझं डोकं थंड नाही, पण हे काम मला येतं. अख्ख्या तालुक्यात माझ्यासारखं कुणाला येत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. या एका गोष्टीचा मला गर्व होता.

आमचं गाव भोरहून वेल्ह्याकडं जाताना लागतं. नाव सांगत नाही, सांगून काय मिळायचंय. दोन वर्षांमागं गावानं ठरवलं की गावचं पुस्तक काढायचं. इतिहास, देवळं, ओढे, शेतीतली जुनी वाणं, कुठल्या घरातून कोण शिकून मोठं झालं, सगळं त्यात यायचं होतं आणि जत्रेत प्रकाशन व्हायचं होतं. कमिटी झाली. अध्यक्ष दूध डेअरीचे चेअरमन, वरच्या आळीचे. लिहून घेणं, जुळवणं हे काम चौथीला मला शिकवलेल्या बाईंकडं. बाई देवळाच्या आळीतल्या सून, आता निवृत्त. या बाईंमुळं मला अक्षराची गोडी लागली. वर्गात मला पहिल्या बाकावर बसवणाऱ्या त्या पहिल्या, हेही सांगायला पाहिजे, कारण आमची वस्ती गावाच्या ओढ्यापलीकडची. बौद्धवस्ती.

बाईंनी वस्तीवर येऊन माझ्या वडिलांना सांगितलं, तुमच्या लोकांचं तुम्हीच लिहा. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा बांधकाम खात्यात मैलकुली होते. ठरलेल्या तुकड्याचा रस्ता सांभाळायचा, खड्डे बुजवायचे, गटारं मोकळी करायची, दगडांना चुना लावायचा, यात सारी हयात गेली. शिक्षण सातवी. त्या माणसानं उन्हाळाभर ओट्यावर बसून वहीची आठ पानं लिहिली. दुष्काळात वस्तीनं कातळ फोडून खणलेली विहीर, ती खणताना हात गेलेला चुलता, सातवी पास झालेली पहिली बाई, गावच्या शाळेच्या पायाला वस्तीनं वाहिलेला दगड. एक वाक्य चारचारदा खोडलेलं. दादांना एवढंच पाहिजे होतं की गावाच्या पुस्तकात गावाच्या रांगेत आपली वस्ती असावी. हे त्यांनी मला तोंडानं सांगितलं, एकदा नाही, दहादा सांगितलं.

टायपिंगचं काम अर्थात माझ्याकडं आलं. फाइल उघडली आणि कपाळावर हात मारून घेतला. सगळे आकडे हातानं, हे अपेक्षितच होतं. पण चौथं प्रकरण 'गावातील आळ्या', आणि त्यात पाचही आळ्यांपुढं ४.१. खालची आळी ४.१, मधली आळी ४.१, वरची आळी ४.१. मला वाटलं कॉपी-पेस्ट करताना राहिलं असेल. बाईंना फोन केला तर त्या हसल्या. म्हणाल्या, चूक नाही ती, ठराव आहे.

आमच्या जत्रेत पाच आळ्यांचे पाच नारळ एकाच दणक्यात फुटतात. पाच माणसं पाच दगडांपुढं उभी राहतात, पुजारी हाळी देतो आणि पाचही हात एकदमच खाली येतात. कारण पहिला नारळ कुणाचा यावरून पूर्वी डोकी फुटलेली आहेत. गावात कुणालाच दुसरा नंबर चालत नाही. तोच न्याय कमिटीनं पुस्तकाला लावला, सगळे एक नंबर. मी बाईंना म्हटलं, माणसांना चालत असेल, मशिनला चालत नाही. अनुक्रमणिकेत पाच वेळा ४.१ आलं तर बघणारा हसेल. चार दिवस खल झाला. शेवटी बाईंनीच तोड काढली, अकारविल्हे लावायचं. अ आ इ ई, क ख ग. कुणी कुणाच्या पुढं नाही, बाराखडी ठरवेल. चेअरमननी कुरकुर केली, कारण व खाली येतो आणि वरची आळी शेवटी जात होती. पण पालखीचा शेवटचा खांदाही मानाचाच असतो असं काहीबाही सांगून बाईंनी त्यांना राजी केलं.

आता खालची, देवळाची, पाणवठ्याची, मधली, वरची अशी रांग लागली. ४.१ ते ४.५. मी शैली बांधल्या, पातळ्या जोडल्या, हातानं ठोकलेले आकडे एकेक करून उडवले. दोन दिवस गेले. आणि पाचव्या प्रकरणावर येऊन थांबलो. प्रकरणाचं नाव 'इतर माहिती'. ५.१ सार्वजनिक शौचालये, ५.२ पाण्याची टाकी, ५.३ बौद्धवस्ती, ५.४ स्मशानभूमी.

डोक्यात तिडीक गेली. टाकी आणि स्मशान यांच्या मध्ये माझ्या बापाची आठ पानं. तरी तोंड आवरून बाईंना फोन केला आणि विचारलं, हे चौथ्यात नको का. बाई म्हणाल्या की हो रे, चौथ्यातच पाहिजे, माझ्याकडून नजरचूक झाली, तू हलव तिकडं. मी हलवलं. अकारविल्हे ब हा प आणि म यांच्यामध्ये येतो. पाणवठ्याची आळी ४.३, बौद्धवस्ती ४.४, मधली ४.५, वरची ४.६. मी नुसता तुकडा उचलून तिथं ठेवला, बाकीचे आकडे आपोआप सरकले. कुणाला धक्का लागला नाही, आवाज झाला नाही. इतकं सोपं काम मी आयुष्यात केलं नसेल.

अनुक्रमणिकेचं पान छापून दादांना दिलं. त्यांनी चष्मा लावून बोटानं एकेक ओळ वाचली, ४.४ वर आले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. पान चौघडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. त्यानंतरच्या पंधरवड्यात वस्तीवरच्या प्रत्येक घरानं ते पान बघितलं असणार. घड्यांवर फाटायला आलं, तेव्हा मी दुसरं काढून दिलं, तर म्हणाले, ऱ्हाऊ दे, हेच बरं हाय.

मग बाजाराच्या दिवशी कमिटी दुकानात आली, शेवटची प्रत बघायला. चेअरमन, आणखी दोघं आणि बाई. दादा बाजाराला आले की माझ्या दुकानात मागच्या बाकावर टेकतात, तसे तेव्हाही टेकले होते. चेअरमननी त्यांना रामराम घातला, दादांनी जयभीम केला, चहा आला. चेअरमन पडद्यावर अनुक्रमणिका बघत राहिले. मग विचारलं, वरची आळी पाचवर होती, सहावर कशी गेली. मी सांगितलं की मध्ये वस्ती आली म्हणून. बाराखडीनं.

त्यांचा चेहरा मी बघत होतो. पाचवं असणं त्यांनी गिळलं होतं. आमच्या मागं असणं त्यांना गिळवेना. पण माणूस मोठा गोड बोलतो, आवाज चढवत नाही. म्हणाले, आळी ती आळी आणि वस्ती ती वस्ती, प्रकार वेगळा आहे, सगळ्यांना एका दावणीला कशाला बांधायचं. उलट वस्तीला मानानं स्वतंत्र जागा देऊ. पुस्तकाच्या शेवटी वेगळा भाग, परिशिष्ट, वर चांगला फोटो, रंगीत छापू. बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. रंगीत म्हटल्यावर त्यांना वाटलं आपण दानधर्मच केला.

मी बाईंकडं बघितलं. नजरचूक झाली म्हणणाऱ्या बाई, हलव म्हणणाऱ्या बाई. त्या चहाच्या कपाकडं बघत होत्या. मी म्हटलं, बाई, तुम्हीच ठरवलं होतं ना अकारविल्हे. त्या म्हणाल्या की परिशिष्टही वाईट नसतं, उलट लोक शेवटची पानं आधी उघडतात. मला त्या वेळी त्यांचा जेवढा राग आला तेवढा चेअरमनचाही आला नाही. चेअरमनकडून मला काही नकोच होतं.

मागून दादांनी विचारलं, "परिशिष्ट म्हंजे काय रं?"

काय सांगायचं. खोटं सांगावं असं एकदा मनात आलं. पण माझ्या तोंडून जे खरं तेच निघालं. मी म्हणालो, पुस्तक संपल्यावर जे जोडतात ते. त्याला आकडा नसतो.

"म्हंजे गाव संपल्यावर," दादा म्हणाले. मग उठून माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. "काढून टाक ती आठ पानं. पुस्तकात न्हाईत म्हंजे न्हाईत."

चेअरमन दादांना 'तात्या, तात्या, असं कसं' असं करायला लागले. दादांनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून थांबले. वाटलं, बाई आता तरी बोलतील. एक शब्द बोलल्या असत्या तर मी तो आजपर्यंत जपला असता. त्या बोलल्या नाहीत. मी विहीर, चुलता, सातवी पास झालेली बाई, शाळेच्या पायाचा दगड, सगळं शीर्षकासकट काळं केलं आणि डिलीटचं बटण दाबलं.

आणि मशिननं आपलं काम चोख केलं. मधली आळी ४.५ची ४.४ झाली, वरची आळी ४.६ची ४.५ झाली. अनुक्रमणिका ताजी केली तर तिथंही रांग सलग. कुठं फट नाही, डाग नाही, काही होतं याची खूण नाही. चेअरमन समाधानानं म्हणाले, हां, आता कसं बसलं. मला माझ्याच कामाची किळस आली. हातानं आकडे टाईप करणाऱ्या गाढवाची फाइल असती, तर ४.३ नंतर ४.५ तसंच राहिलं असतं आणि बघणाऱ्यानं निदान विचारलं असतं की मधला चार कुठं गेला. मी इतकं नीट बांधून ठेवलं होतं की विचारायला जागाच उरली नव्हती.

ते गेले. दादा पण एसटीला गेले, पिशवीत मेथी आणि सुकट घेऊन. मी दुकानात एकटा बसलो. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, त्यांच्यावर उगीच खेकसलो. मग फाइल उघडली, मधल्या आळीच्या आकड्यावर उंदीर नेला आणि मशिनला सांगितलं, इथून पुढं पाचपासून मोज. असं सांगता येतं. ४.३ पाणवठ्याची आळी, त्याच्या खाली ४.५ मधली आळी, ४.६ वरची आळी. वीस वर्षांत लोकांच्या हजार चुका काढल्या, ही एक स्वतःच्या हातानं घातली. पीडीएफ केली आणि छापखान्याला पाठवून दिली.

जत्रेत प्रकाशन झालं. मी गेलो नाही. पुतण्यानं एक प्रत घरी आणून टाकली. दादांनी आधी तिला हातच लावला नाही, दोन दिवस ती टीव्हीजवळ पडून होती. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून बसले आणि अनुक्रमणिका बोटानं वाचायला लागले, तशीच, एकेक ओळ. ४.३ वरून बोट खाली आलं आणि थांबलं. माझ्याकडं बघून म्हणाले, चुकलास का मुद्दाम केलंस. मी म्हटलं, मुद्दाम. कुणीतरी विचारेल, दादा, चौथं कुठं गेलं म्हणून. दादा बराच वेळ त्या दोन ओळींमधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून बसले. कोण इचारतंय, म्हणाले, पण बोट लगेच उचललं नाही.

मी वाट बघत राहिलो. गावातलं कुणीही दुकानात आलं की वाटायचं, हा विचारेल. उताऱ्याच्या झेरॉक्सला आले, दाखल्याला आले, आधारकार्डाला आले. दोघांतिघांनी पुस्तक छान झालं म्हणून सांगितलं. एकानं तर पाठ थोपटली.

महिन्याभरानं बाई आल्या, एकट्याच. स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या, तब्येतीचं विचारलं. मग पर्समधून कागद काढला. त्यांच्या त्याच सुंदर अक्षरात लिहिलेलं शुद्धिपत्र होतं, चार ओळींचं. 'अनुक्रमणिकेत व प्रकरण चारमध्ये ४.५ ऐवजी ४.४ आणि ४.६ ऐवजी ४.५ असे वाचावे. टंकलेखनातील चुकीबद्दल दिलगीर आहोत.' म्हणाल्या, एवढी पट्टी टाईप करून दे, पाचशे छाप, प्रत्येक प्रतीत चिकटवायची आहे. जत्रेला आलेल्या पुण्याच्या कुणा पाहुण्यानं चेअरमनना चारचौघांत विचारलं होतं की मधलं चौथं कुठंय. आणि चेअरमननी सांगितलं होतं, टायपिंगवाल्याची चूक.

म्हणजे कुणीतरी विचारलं होतं. आणि माझ्या हातून चूक होत नाही याचा इतकी वर्षं गर्व बाळगणाऱ्या माझ्याच नावावर ती चूक लागली होती. मी कागद त्यांच्यापुढं परत सरकवला. आयुष्यात पहिल्यांदा बाईंना उलट बोललो.

"चूक नाही ती, बाई. तिथं माझा बाप होता."

मला वाटलं त्या दचकतील. डोळ्यांत पाणी येईल, माफी मागतील, निदान बघतील तरी दुसरीकडं. इतकी वर्षं मी त्यांच्याबद्दल जे धरून बसलो होतो, ते सगळं त्या एका क्षणात पणाला लागलं होतं. बाईंनी माझ्या डोळ्याला डोळा दिला. आवाज अगदी मऊ होता, वर्गात होता तसा.

"पुस्तक उघडलं त्या पहिल्या दिवशीच मला कळलं होतं रे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर पट्टी हवी."

मी नाही म्हटलं. त्यांनी कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि पलीकडच्या गल्लीतल्या दुकानातून पाचशे पट्ट्या करून घेतल्या. शाळेच्या व्हरांड्यात बसून एकेका प्रतीत स्वतःच्या हातानं डिंक लावून चिकटवल्या म्हणे. कोपरे नीट दाबून, सुरकुती येऊ न देता.